पिशवींतलें प्रेम

न्हावा आणि शेवा हीं उरण-पनवेलच्या खाडीकांठचीं जुनीं गांवें. मासळी, भात आणि मिठागरें यांवर जगणाऱ्या या गांवांचीं नांवें एका जोडनांवांत अडकवून १९८९ सालीं तेथें मोठें बंदर सुरू झालें, आणि तेव्हांपासून परदेशचा माल देशांत येण्याचें तें एक मुख्य दार होऊन बसलें आहे. २०२४ च्या जानेवारींत शिवडीपासून समुद्रावरून पूल येथवर पोंचला. २०२५ च्या ऑक्टोबरांत उलव्याशेजारीं नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें व त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून विमानें सुटूं लागलीं. दाराभोंवतीं जशी वर्दळ वाढते तशी या पट्ट्यांत नवी वस्ती वाढली. उलवें, द्रोणागिरी, पनवेल येथील उंच इमारतींत सुशिक्षित, नोकरदार, एका-दोघां मुलांचीं कुटुंबें राहावयास आलीं. हीं कुटुंबें सालस आहेत, वाचणारीं आहेत, मुलांसाठीं वाटेल तें करणारीं आहेत. त्यांच्या घरास अंगण नाहीं, गोठा नाहीं, शेजारच्या वाड्यांतलें मांजर कौलांवरून उतरून त्यांच्या स्वयंपाकघरांत येत नाहीं. मुलाला एखादा जिवंत सोबती असावा ही त्यांची इच्छा मात्र खरी आहे, आणि त्या इच्छेस पुरा पडेल असा एक प्राणी शहरांतल्या बाजारानें शोधून काढला आहे. त्याचें नांव शुगर ग्लायडर.

मुठींत मावेल एवढा, राखी रंगाचा, पाठीवर काळी रेघ, डोळे अंगाच्या मानानें अवाढव्य. वजन सुमारें शंभर ते दीडशें ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेरूएवढें. पुढच्या पंजापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा एक पडदा असतो. तो ताणून हा प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जातो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी हें त्याचें घर. आपल्या सह्याद्रींतील उडत्या खारीशीं त्याचें रूप जुळतें, पण नातें कांहींच नाहीं. खार ही कुरतडणाऱ्या प्राण्यांतली, आणि हा कांगारूप्रमाणें पोटास पिशवी असलेल्यांतला. दोघांनीं निरनिराळ्या खंडांत, निरनिराळ्या वाटांनीं, एकच युक्ति साधली. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, निलगिरीचा गोड रस, फुलांतला मध आणि किडे हें त्याचें अन्न. नांवांतली साखर ती हीच. दिवसां झाडाच्या ढोलींत पानांचें अंथरूण करून सहा-सात जण एकमेकांस बिलगून झोपतात. कळपांतला प्रमुख नर आपल्या डोक्यावरील ग्रंथीचा वास सर्वांच्या अंगास लावून ठेवतो, आणि त्या वासावरून घरचा कोण व परका कोण हें त्यांस अंधारांतहि कळतें.

विकणारा यांतलें फारसें कांहीं सांगत नाहीं. तो सांगतो तें असें: कुत्र्यासारखा फिरावयास न्यावा लागत नाहीं, मांजरासारखा बाहेर भटकत नाहीं, खातो थोडें, दहा-बारा वर्षें जगतो, आणि खिशांत बसतो. सोसायटीच्या सभेंत त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार करीत नाहीं, कारण तो आहे हें शेजाऱ्यास कळतहि नाहीं. शिवाय तो परदेशी असल्यामुळें कायद्याचीहि भीति नाहीं. हजारों रुपये मोजून घरीं आणल्यावर आठ दिवस सगळें घर त्याच्याभोंवतीं असतें.

आमचें म्हणणें आडपडदा न ठेवतां सांगून टाकतों. हा प्राणी घरांत पाळूं नये. तो पाळण्यांत कायद्याचा भंग होवो वा न होवो, तें क्रौर्य आहे. आणि हें क्रौर्य दुष्ट माणसें करीत नसून सज्जन माणसें करीत आहेत, म्हणूनच त्याबद्दल लिहिण्याची आम्हांस गरज वाटते. दुष्टांसाठीं मासिकें काढावीं लागत नाहींत; त्यांच्यासाठीं पोलीस आहेत.

आमचा मुख्य आक्षेप ज्या गोष्टीवर आहे ती म्हणजे पिशवी. या प्राण्याचें पिलूं अवघ्या सोळा दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मास येतें. तेव्हां तें तांदुळाच्या दाण्याहून फारसें मोठें नसतें. डोळे नाहींत, केंस नाहींत. तें पुढच्या पायांनीं ओढत ओढत आईच्या पिशवींत शिरतें आणि सुमारें सत्तर दिवस तिच्या आंचळास चिकटून राहतें. बाहेर आल्यावरहि कित्येक आठवडे तें ढोलींत किंवा आईच्या पाठीवर असतें. याच सुमारास, आईपासून पुरतें सुटण्याच्या आंत-बाहेर, तें विकावयास येतें. घेणाऱ्यास त्याबरोबर एक लहानशी कापडी पिशवी दिली जाते, आणि ती दिवसभर गळ्यांत अडकवून छातीशीं धरावी, म्हणजे पिलास तुमच्या अंगाच्या वासाची संवय होईल, असें सांगितलें जातें. या विधीस ‘बॉण्डिंग’ असें गोंडस नांव आहे. पंधरा-वीस दिवसांत पिलूं ओरडावयाचें थांबतें, बोटास चावावयाचें थांबतें, आणि पिशवींत मुटकुळें करून निजतें. घरांत आनंद होतो: त्यानें आपल्याला आपलें मानलें!

यांत खोटें कांहीं नाहीं. पिलूं बिलगतें हें खरेंच आहे. पण तें कां बिलगतें याचा विचार करावयास नको काय? ज्या जिवाची सारी घडणच उबेस, काळोखास आणि कोणाच्या तरी पोटाशीं असण्यास बांधलेली आहे, त्याची आई काढून घ्यावी, भावंडें काढून घ्यावीं, ढोलीचा वास काढून घ्यावा, आणि मग त्याच्यापुढें आपली छाती करावी. तें दुसरें काय करणार? बुडणाऱ्यानें फळकुटास मिठी मारली तर फळकुटानें त्यास प्रेम म्हणावें, तसाच हा प्रकार आहे. आईची पिशवी हिरावून घेऊन कापडाची पिशवी देणाऱ्या धंद्यानें त्या पिलाची अगतिकता आपल्यास ‘जिव्हाळा’ या नांवानें विकली, आणि आपण पैसे मोजून ती घेतली. अनाथपण हें ज्या मालाचें मुख्य वैशिष्ट्य, असा दुसरा माल बाजारांत क्वचितच असेल.

यावर सर्वांत वजनदार म्हणून जें उत्तर आम्हांस ऐकावयास मिळतें तें मुलांचें. मुलें प्राण्यांवर प्रेम करावयास शिकतात, जबाबदारी शिकतात, मोबाइलपासून दूर राहतात. हें उत्तर देणाऱ्या आईबापांच्या हेतूविषयीं आम्हांस लेशमात्र शंका नाहीं. पण घड्याळाकडे पाहावें. मूल सकाळीं सहा-सातला उठतें, शाळेंत जातें, दुपारीं येतें, आणि रात्रीं दहाला झोंपतें. हा प्राणी दिवस उजाडतांना झोंपतो आणि रात्रीं जागा होतो. मुलाचा दिवस संपतो तेथें त्याचा सुरू होतो. मग मुलाला त्यांतलें काय मिळतें? त्याला जागेपणीं मिळतो तो त्या प्राण्याचा झोंपलेला देह. शाळेंतून आल्यावर पिशवींतून तो बाहेर काढावयाचा, हातावर घ्यावयाचा, मित्रांस दाखवावयाचा, फोटो काढावयाचा. तो डोळे किलकिले करतो, थरथरतो, एक चमत्कारिक किरकिर करतो, आणि सगळे हंसतात. ती किरकिर भीतीची असते. एखाद्या पाहुण्यानें मध्यरात्रीं आपल्या मुलास अंथरुणांतून उचलून दिव्याखालीं नाचविलें, तर आपण त्यास प्रेमळ म्हणूं काय? आपल्या मुलास आपण या प्राण्याच्या बाबतींत रोज तेंच शिकवितों, आणि त्यास भूतदया म्हणतों.

रात्रीं काय होतें तें बहुतेक घरांत कोणी पाहतच नाहीं. ज्या देहास अंधारांत झाडामागून झाड ओलांडीत जावयाचें, तो हातभर पिंजऱ्यांत वर-खालीं, वर-खालीं करतो. कित्येक वेळ लहान कुत्र्यासारखा भुंकतो. ती कळपास घातलेली हांक असते, आणि तिला उत्तर येत नाहीं. घरांतल्यांची झोंपमोड होऊं लागली कीं पिंजरा बंद गॅलरींत जातो. त्यावर जुनी चादर पडते. पहिल्या आठ दिवसांची हौस अशी चादरीखालीं निजते.

एकट्यानें ठेवलेल्या या प्राण्यास स्वतःचेंच अंग कुरतडण्याचा रोग जडतो हें पशुवैद्यांस चांगलें ठाऊक आहे. शेपटी, पाय, पोट, कोठेंहि तो दांत लावतो आणि जखम भरूं देत नाहीं. दुसरा रोग अन्नाचा. केळें, सफरचंद, बिस्किट, दूधभात असलें गोडधोड तो आवडीनें खातो, आणि तें पाहून घरच्यांस समाधान वाटतें. त्यांतून त्यास चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरेसा मिळत नाहीं. हाडें पोकळ होतात आणि एके दिवशीं मागचे दोन्ही पाय लुळे पडतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. घरांतलीं माणसें इतकीं हळवीं कीं मुंगीवर पाय पडूं न देणारीं. प्राणी फरपटत चालतो हें दिसल्यावर तीं त्यास घेऊन एकामागून एक दवाखाने फिरलीं. गाई-म्हशींचे डॉक्टर भेटले, कुत्र्या-मांजरांचे भेटले. हा प्राणी पूर्वीं हातांत धरलेला डॉक्टर भेटावयास चार दिवस गेले. तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. त्या घरचें दुःख खोटें नव्हतें. पण त्या दुःखाचा त्या प्राण्यास उपयोग काय झाला?

‘हे प्राणी बंदिवासांतच जन्मलेले असतात, त्यांना रान ठाऊकच नाहीं,’ असें दुसरें उत्तर असतें. जणूं ठाऊक नसलें म्हणजे अंगांतलेंहि नाहींसें होतें! आंधळ्या कोठडींत जन्मलेल्या मुलास डोळ्यांची गरज नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. पिंजऱ्यांत जन्मलेल्या ग्लायडरासहि तो कातडीचा पडदा असतोच, रात्रीचे डोळे असतातच, साल फोडावयाचे दांत असतातच, कळपाची भूक असतेच. दोन-चार पिढ्यांच्या कैदेनें जात पालटत नाहीं. येथें कुत्र्या-मांजरांचा दाखला देणारे एक साधी गोष्ट विसरतात. कुत्रा हजारों वर्षांपूर्वीं माणसाच्या शेकोटीजवळ आला, उष्टें खाल्लें, राखण केली, आणि तेवढ्या काळांत त्याचा स्वभाव, त्याचें पोट, त्याची नजरसुद्धां माणसाच्या संगतीस जुळून आली. मांजर तर अजूनहि आपल्या मर्जीनें येतें नि जातें. त्यांचा आपल्याशीं कांहीं करार झालेला आहे असें म्हटलें तरी चालेल. ग्लायडराशीं आपला करार कोणी, केव्हां केला? हा प्राणी पाळण्याची टूम अमेरिकेंत निघून उणींपुरीं तीस-पस्तीस वर्षें झालीं. तेथील पाळीव ग्लायडरांच्या जनुकांची जी तपासणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली तींत त्यांचें मूळ ऑस्ट्रेलियांत नव्हे तर इंडोनेशियाच्या ताब्यांतील पश्चिम पापुआंत, सोरोंग शहराच्या आसपास, निघालें. म्हणजे ‘पिढ्यान्‌पिढ्या पाळीव’ हा प्राणी परवांपरवां एका बंदराच्या आसपासच्या रानांतून पकडलेला होता. शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं तर असें दाखविलें कीं ज्यास आपण एक जात समजत होतों त्या ऑस्ट्रेलियांतच तीन वेगवेगळ्या जाती आहेत. ज्याची जात कोणती हेंच आतां कोठें उलगडूं लागलें, त्याची सर्व गरज आपल्यास कळली आहे असें विकणाऱ्यानें म्हणावें आणि घेणाऱ्यानें मानावें, हें नवल आहे.

कांहीं जण याहूनहि पुढें जातात. रानांत घुबड आहे, साप आहे, उपासमार आहे. आमच्या घरीं एअरकंडिशनर आहे. रानापेक्षां आम्ही त्यास चांगलें घर दिलें आहे. हें वाक्य आम्हांस इतरत्र ऐकलेलें वाटतें. माणसाची व प्राण्याची तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण न्हावा-शेव्याच्या भूमीवर उभें राहून तें वाक्य बोलणाऱ्यानें थोडें सांवध असावें. बंदरासाठीं शेवा कोळीवाडा १९८० नंतरच्या दशकांत उठविला गेला. समुद्रकांठच्या कोळ्यांस उरणजवळ हनुमान कोळीवाड्यांत घरें दिलीं, आणि त्या घरांस वाळवीनें पोखरलें. घर दिलें हें कागदावर खरेंच होतें. ज्यास घर द्यावयाचें त्याचें जगणें कशांत आहे हें विचारल्याशिवाय दिलेलें घर घर होत नाहीं, एवढें तरी या पट्ट्यांत राहणाऱ्या माणसास निराळें सांगावें लागूं नये.

आतां कायद्याकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या रानांतला राघू पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा ठरविला. जुन्या वाड्यांतून ‘विठू विठू’ म्हणणारा तो पिंजरा हळूहळू उतरला, हें चांगलेंच झालें. पण त्या कायद्याची नजर देशी प्राण्यांवर होती. परदेशी प्राणी तींत दीर्घकाळ आलेच नाहींत. राघू गेला आणि त्याच्या खिळ्यावर परदेशी पोपट, कांसवें, सरडे येऊन बसले. २०२० च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें अशी सवलत काढली कीं ज्यांच्याजवळ असे परदेशी प्राणी असतील त्यांनीं सहा महिन्यांत ते आपणहून जाहीर करावे, कागदपत्रें मागितलीं जाणार नाहींत. पुढें २०२२ सालीं कायदा सुधारला आणि २०२४ सालीं त्याखालीं नोंदणीचे नियम आले. परंतु ही नोंदणी ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत ज्या जातींचीं नांवें आहेत त्यांपुरतीच. शुगर ग्लायडराचें नांव त्या याद्यांत नाहीं. म्हणजे तो कोणाकडे आहे, किती आहेत, कोठून आले, मेले कीं सुटले, याची नोंद ठेवण्यास या नियमांखालीं पाळणारा कोणी बांधलेला नाहीं. परदेशांतून जिवंत प्राणी आणावयाचा तर परवाना लागतो, रोगराईच्या तपासणीचा दाखला लागतो, आणि तो नसेल तर सीमाशुल्क खातें प्राणी जप्त करतें. पण एकदां तो कोणाच्या दिवाणखान्यांत पोंचला कीं त्यास विचारणारा कोणी नाहीं. दाराशीं चोर, आणि उंबरा ओलांडला कीं साव! प्राण्यास हालचालहि करतां येऊं नये इतक्या लहान पिंजऱ्यांत कोंडणें हा १९६० च्या क्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे खरा. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. तेवढ्यांत त्या ग्लायडराची एक दिवसाची फळें देखील येत नाहींत.

ही फट बुजविणें सरकारचें काम आहे, आणि तें त्यानें करावें. परदेशी जिवंत प्राणी, मग तो कोणत्याहि यादींत असो वा नसो, नोंदीवांचून विकतां येऊं नये, एवढा साधा नियम करावयास दहा वर्षें लागूं नयेत. पण सर्व भार सरकारावर टाकून मोकळें होण्याची जी आपली लकब आहे ती येथें उपयोगी पडणारी नाहीं. २०२५ च्या जूनमध्यें मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाजवळ डझनावारी विषारी साप सांपडले. त्याच महिन्यांत दुसऱ्या एकाजवळ सरडे, शिंजिर पक्षी आणि झाडावर राहणारे पॉसम, म्हणजे ग्लायडराचेच भाऊबंद, मिळून शंभराच्या आसपास जीव निघाले. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेनें त्या वेळीं सांगितलें कीं थायलंड-भारत या विमानमार्गावर साडेतीन वर्षांत सात हजारांहून अधिक प्राणी, जिवंत व मेलेले, पकडले गेले. पकडले गेले ते एवढे. कपड्यांच्या घड्यांत, डब्यांत, गुदमरत आलेले हे जीव कोणासाठीं आणले जात होते? कोण्या राजाच्या प्राणिसंग्रहालयासाठीं नव्हे. ते आपल्यासारख्यांच्या घरांसाठीं आणले जात होते.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं ग्लायडर घेतला असेल त्यांनीं तो चोरट्याकडून घेतला असें आम्ही म्हणत नाहीं; येथेंच वाढविलेलाहि असेल. पण घेणाऱ्यास तें कळण्याचा मार्ग कोणता? दाखला नाहीं, नोंद नाहीं, विकणाऱ्याचा शब्द तेवढा आहे. आणि येथें वाढविलेल्याचे आईबाप तरी कोठून आले? न्हावा-शेव्याच्या बंदरांत २०२४ सालीं काथ्याचीं पायपुसणीं म्हणून परदेशीं निघालेल्या मालांत लाखों मोरपिसें सांपडलीं. ज्या दारानें मोरपीस पायपुसणें होऊन बाहेर जाऊं शकतें, त्या दारांनीं काय काय कोणकोणत्या नांवानें आंत येऊं शकेल याची कल्पना करावी. अधिकारी दक्ष असले तरी प्रत्येक पेटी आणि प्रत्येक पिशवी उघडणें कोणालाच शक्य नाहीं. मागणी आहे तोंवर माल येणार; आतां तर विमानतळहि पनवेलच्या उंबरठ्यावर आला आहे.

कंटाळलेला गृहस्थ शेवटीं काय करतो? कोणी ‘दत्तक’ देतो. तो दत्तक पुढें आणखी एकास दत्तक जातो. कोणी दयाळूपणानें पिंजऱ्याचें दार उघडून त्यास कर्नाळ्याच्या किंवा मांडव्याच्या झाडींत सोडावें असा विचार करतो. हें दोन्ही अंगांनीं वाईट. बहुधा तो प्राणी दोन-चार रात्रींत मरेल. आणि न मेला तर काय होतें याचा दाखला टास्मानियांत आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हा प्राणी एकोणिसाव्या शतकांत त्या बेटावर आला असें मानतात. झाडाच्या ढोलींत घरटें करणाऱ्या ‘स्विफ्ट पॅरट’ नांवाच्या एका पोपटाच्या अंडी उबविणाऱ्या माद्यांस तो ढोलींतच मारून खातो, असें तेथील संशोधकांस २०१४ च्या सुमारास आढळलें. ती जात आज नाहींशी होण्याच्या कांठावर आहे. आपणांस हें दूरचें वाटत असेल तर आपलाच घरकावळा घ्या. कचरा खाईल म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झांझिबारला मुद्दाम नेला. तेथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला, जहाजांवर बसून आणखी बंदरें त्यानें गांठलीं, आणि तेथील लहान पक्ष्यांचा काळ ठरला. २०२४ सालीं केनियाच्या वन्यजीव खात्यास दहा लाख कावळे नाहींसे करण्याचा बेत जाहीर करावा लागला. आपल्या पितरांचा तो कावळा तेथें गुन्हेगार झाला, कारण कोणीतरी सोयीसाठीं त्यास उचलून नेलें.

मुलांना प्राणी हवेत, या मूळ गोष्टीकडे पुन्हां येतों, कारण ती खरी आहे. पण हव्यात म्हणजे आपल्या खिशांत हव्यात असें मुलांस प्रथम कोणी शिकविलें? पनवेलपासून घटकाभराच्या वाटेवर कर्नाळ्याचें अभयारण्य आहे. उरणच्या पाणथळींत हिवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, आणि त्या पाणथळी भराव घालून बुजत चालल्या आहेत. भीमाशंकरास शेकरू आहे. त्यासाठींच १९८५ सालीं तें रान राखलें गेलें. आणि तेवढेंहि जाणें ज्यांस होत नाहीं त्यांनीं संध्याकाळीं गच्चीवर जावें. वटवाघळें निघतात तीं पाहण्यास तिकीट लागत नाहीं. मुलानें त्यांतलें एकहि हातांत घेतलें नाहीं म्हणून त्याचें प्रेम उणें ठरतें असें आम्हांस वाटत नाहीं. हातांत काहीं हवेंच असेल तर दारीं भटकणाऱ्या कुत्रीचें एखादें पिलूं आहे. त्यास सकाळ-संध्याकाळ फिरवावें लागतें, तें चपला फाडतें, आजारी पडतें, आणि त्याच्यासाठीं बापाला पहाटे उठावें लागतें. जबाबदारी म्हणतात ती ही. खिशांत मावणाऱ्या प्राण्याचा मुख्य गुण त्याचें प्रेम नसून त्याची गैरसोय न होणें हा आहे, हें विकत घेणाऱ्यानें स्वतःशीं तरी कबूल करावें.

ज्यांच्या घरीं हा प्राणी आधींच आहे त्यांनीं आतां काय करावें, असें एका भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे. प्रश्न रास्त आहे. त्यास रानांत सोडूं नये, आणि तोंडओळखीच्या माणसास देऊनहि टाकूं नये. तो एकटा असेल तर, विकत न घेतां, अशाच दुसऱ्या घरचा सोबती मिळवावा. नर असल्यास त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पिलें होणार नाहींत. असले प्राणी हाताळणारा पशुवैद्य आजारपणापूर्वींच शोधून ठेवावा आणि अन्न त्याच्या सांगण्यावरून द्यावें. हातभर पिंजरा काढून पुरुषभर उंचीचा करावा, त्यांत फांद्या बांधाव्या, निजावयास कापडाची ढोली टांगावी. दिवसां त्यास मुळींच उठवूं नये, मुलांनीं कितीहि हट्ट केला तरी. रात्रीं दिवे मालवून बंद खोलींत त्यास तासभर मोकळा सोडावा, आणि मुलास दारांतून, हात न लावतां, पाहूं द्यावें. हें दहा-बारा वर्षें चालवावें लागेल. तो गेल्यावर पिंजरा मोडींत घालावा. विकूं नये, कारण विकलेला पिंजरा रिकामा राहत नाहीं.